पाण्याचा काटा मधोमध होता, तरी पिस्टन वितळला

मिस्त्रींना विचारा : डिझेल गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझी २०१२ ची दहा टायर गाडी आहे. सहा सिलिंडर, टर्बो (सायलेन्सरच्या वायूवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), लाइन पंप (डिझेलचा पंप), बीएस-३ (प्रदूषणाचा जुना नियम). रत्नागिरी भागातून जांभ्याचा चिरा भरून साखरप्यावरून आंबा घाट चढतो आणि कोल्हापूरला खाली करतो. गेल्या मार्चमध्ये घाटाच्या वरच्या टप्प्यात गाडीची ओढ एकदम गेली आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) धूर यायला लागला. इंजिन खोललं तर पाचव्या सिलिंडरचा पिस्टन वरून वितळलेला, कडेला खड्डा पडलेला. पाण्याचा काटा शेवटपर्यंत मधोमध होता. त्याआधी सहा महिने घाटात ओढत नाही म्हणून मी पंप वाढवून घेतला होता. आता इंजिन नवीन बांधलंय. मुलगा म्हणतो, सायलेन्सरच्या वायूचं तापमान दाखवणारं मीटर बसवू. त्याचा खरंच उपयोग होतो का? टर्बोच्या आधी बसवायचं की नंतर? मॅनिफोल्डला (सिलिंडरांतला वायू गोळा करून टर्बोकडं नेणाऱ्या ओतीव नळीला) भोक पाडायला माझं मन धजत नाही.
— एक ट्रकमालक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. मीटर बसवा, आणि टर्बोच्या आधीच बसवा. भोकाची भीती रास्त आहे. त्यावर पुढं सविस्तर लिहितो, कारण नुकसान होतं ते तिथंच.

आधी पाण्याच्या काट्याचं. तो खोटं बोलला नाही. तो पाण्याचं तापमान सांगतो, आगीचं नाही. थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून पाणी ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतात, त्यांचं कामच ते. शिवाय पाणी भरपूर असतं, ते तापायला मिनिटं लागतात. सिलिंडरमधून बाहेर पडणारा वायू मात्र पाय दाबल्यावर दोन-तीन सेकंदांत शंभर-दोनशे अंशांनी चढतो. घाटात पाच मिनिटं पिस्टनचा माथा सोसेल त्यापेक्षा जास्त तापला, तरी पाण्याचा काटा जागचा हलेलच असं नाही.

मी गॅरेजमध्ये यायच्या आधी चार वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत होतो. तिथं बीड (ओतीव लोखंड) ओतायच्या आधी भट्टीवाला एक लांब नळी रसात बुडवायचा आणि आकडा बघायचा. आकडा आल्याशिवाय साच्यात थेंब पडू द्यायचा नाही, मालक समोर उभा असला तरी. पुढं वितळलेले पिस्टन हातात यायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा तो भट्टीवाला आठवला. आपण भट्टी मापतो, मग अॅल्युमिनियमचा पिस्टन ज्या आगीखाली रात्रंदिवस राबतो ती आग का मापत नाही? तेव्हापासून घाटात चालणाऱ्या प्रत्येक टर्बो गाडीच्या मालकाला मी हे मीटर बसवायला सांगतो. बरेच जण हसतात. इंजिन बांधल्यावर परत येतात.

शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टनच्या धातूत सिलिकॉन असतं, त्यामुळं तो त्याच्याही आधी मऊ पडायला लागतो. तरी पिस्टन टिकतो, कारण ज्वाला क्षणभरच असते, पुढच्या स्ट्रोकला थंड हवा आत येते आणि खालून ऑइलची पिचकारी पिस्टनचं पोट निववत असते. डिझेल जास्त आणि हवा कमी झाली की हे गणित बिघडतं. पेट्रोलच्या गाडीत मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की इंजिन तापतं. डिझेलमध्ये उलट आहे, जितकं डिझेल वाढवाल तितकी आग वाढते. १ किलो डिझेल पुरतं जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि इंजिन सुखानं चालायचं तर त्याहून बरीच जास्त मिळायला हवी. तुम्ही पंप वाढवलात, म्हणजे डिझेल वाढवलंत. हवा होती तेवढीच राहिली. वरच्या टप्प्यात गाडी वरच्या गिअरमध्ये कण्हत चढत असणार. आरपीएम पडले, टर्बोची हवा पडली, पाय मात्र तळाला टेकलेला. चिऱ्याच्या गाड्या पासिंगपेक्षा किती जास्त भरतात हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. एवढं सगळं एका ठिकाणी आलं की पिस्टन वितळतो.

पाचवाच का वितळला, हा प्रश्न मात्र सोडू नका. सहाही सिलिंडरना सारखंच डिझेल वाढलं होतं. पाचव्याचा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) फवारा न मारता धार सोडत असेल, किंवा त्या पिस्टनखालची ऑइलची पिचकारी बुजली असेल. इंजिन बांधताना सहाही नोझल टेस्टरवर तपासले का, फवारा डोळ्यांनी बघितला का, पिचकाऱ्या फुंकून बघितल्या का, हे त्या मिस्त्रीला विचारा. मीटर तीन सिलिंडरच्या एकत्र वायूचं तापमान दाखवतं. एकट्या सिलिंडरचं दुखणं त्यात झाकून जाऊ शकतं. हे माहीत असूनच मीटर बसवा. आणि नवीन इंजिनावर पंप पुन्हा मूळ मापावर आणून घ्या.

आता जागा. टर्बोनंतर, म्हणजे खालच्या पाइपात प्रोब (मीटरची तापमान मापणारी सळई) बसवणं सोपं असतं आणि तुकडा तुटला तरी टर्बोत जात नाही, म्हणून पुष्कळ जण तिथं बसवतात. पण टर्बो वायूतली ताकद काढून घेतो, तसं तापमानही उतरतं. लोडवर हा फरक १००-१५० अंशांचा, कधी त्याहूनही जास्त असतो. लोड बदलला की फरकही बदलतो, त्यामुळं ठरावीक आकडा मिळवून हिशेब करता येत नाही. पिस्टन सांभाळायचा असेल तर माप पिस्टनच्या जवळ घ्यायला हवं. मॅनिफोल्डमध्ये, टर्बो जिथं बोल्टांनी जोडतात त्या फ्लँजच्या अलीकडं.

तुमच्यासारख्या सहा सिलिंडर इंजिनात मॅनिफोल्ड बहुतेक आतून दोन कप्प्यांचं असतं. पुढच्या तिघांचा वायू एका बाजूनं, मागच्या तिघांचा दुसऱ्या बाजूनं, आणि मध्ये भिंत. प्रोब एकाच कप्प्यात जातो. मी मागच्या तिघांचा कप्पा निवडतो. तुमचा पाचवाही त्यातच येतो. भोक भिंतीवर किंवा बाहेरच्या उभाऱ्यावर येता कामा नये. चार, पाच आणि सहाचे वायू जिथं एकत्र येतात तिथं, फ्लँजपासून चार-पाच सेंटिमीटर अलीकडं, सपाट जागा बघा. प्रोबला पाना लागेल का आणि वायर बाहेर काढायला वाट आहे का, हे खडूची खूण करायच्या आधी बघायचं.

मॅनिफोल्ड उतरवा. मी हे आग्रहानं सांगतो, कारण सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका गाडीचं मॅनिफोल्ड न उतरवता भोक पाडलं. ग्रीस लावलं, चुंबक फिरवलं, सगळं केलं. तरी आत राहिलेला कीस टर्बोत गेला, आणि दोन महिन्यांत टर्बो शिटी वाजवायला लागला. पाती कडेनं खरवडली होती. एका मिनिटात लाखभर फेरे घेणाऱ्या पात्याला कणभर बीडही दगडासारखं लागतं. त्या मालकाला टर्बो मी भरून दिला. काही जण इंजिन स्लोवर (रेस न देता) चालू ठेवून भोक पाडतात, कीस बाहेर फुंकला जातो म्हणून. डोळ्यात गरम भुगा घ्यायचा आणि थोडा टर्बोलाही द्यायचा, असं काम मला पटत नाही. मॅनिफोल्ड उतरवायला अगदीच जमत नसेल तर निदान टर्बो तरी काढा, म्हणजे मॅनिफोल्डचं तोंड मोकळं होईल आणि हात घालून साफ करता येईल.

आदल्या रात्रीच मॅनिफोल्डच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गरम झालेले, वर्षानुवर्षं न उघडलेले बोल्ट जोर लावला की तुटतात, आणि तुटलेला स्टड हेडमधून काढायला अर्धा दिवस जातो. गॅस्केट नवीन आणून ठेवा, जुने परत लावू नका.

भोकाचं माप प्रोबसोबत आलेल्या फिटिंगवर ठरतं. बहुतेक प्रोब एक सुती एनपीटी (अमेरिकन मापाच्या) आट्यांचे असतात, म्हणजे अष्टमांश इंच, टेपर (निमुळते), इंचाला २७ आटे. बाजारात एक सुती बीएसपीही (ब्रिटिश मापाचं) मिळतं, त्याला इंचाला २८ आटे. नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच दिसतात. दोन फेऱ्या बरे जातात, तिसऱ्याला अडकतात, आणि लोक जोर लावून बीड फोडतात. टॅप विकत घ्यायला जाताना फिटिंग खिशात घेऊन जा. आटे मोजायची पट्टी दुकानात असते.

पंचनं टिंब पाडा, आधी चार मिलिमीटरचं भोक, मग ८.७ चं. बीड कोरडंच कापायचं, हळू फिरवून. त्याचा कीस लांब निघत नाही, काळा भुगा निघतो. आपल्याकडं कोल्हापुरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. ड्रिल मॅनिफोल्डला अगदी काटकोनात हवं, म्हणजे प्रोबचं टोक वायूच्या मध्यावर येईल. टॅप मारताना अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. टेपर टॅप पुरता आत घालू नका. फिटिंग हातानं तीन-साडेतीन फेरे जाईल एवढेच आटे काढा, उरलेलं पान्यानं बसू द्या. जास्त खोल टॅप मारला की फिटिंग कधीच घट्ट बसत नाही.

टेफ्लॉन टेप लावू नका. नळाला चालते, इथं ती जळून जाते. निकेल किंवा तांब्याची अँटीसीझ पेस्ट लावा, म्हणजे पाच वर्षांनी प्रोब काढायची वेळ आली तर निघेल. प्रोबचं टोक कप्प्याच्या मध्यापर्यंत जायला हवं. भिंतीला टेकलं तर बिडाचं तापमान दाखवेल, वायूचं नाही. फिटिंगमधला फेरूल (प्रोबला धरणारी छोटी कडी) एकदा आवळला की प्रोबला चावतो आणि ती खोली कायमची ठरते, म्हणून आवळायच्या आधीच खोली मापून खूण करा. सगळं झाल्यावर मॅनिफोल्ड हवेनं फुंका, धुवा, परत फुंका, आतून चिंधी फिरवा. चिंधी काळी निघतेय तोवर लावू नका.

प्रोब म्हणजे के टाइप थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. ते टोक तापलं की तारांमध्ये एकेका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट इतका विजेचा बारीक दाब तयार होतो, आणि मीटर तोच वाचतं. म्हणून तारा कापून मध्ये साधी तांब्याची वायर जोडू नका. कमी पडली तर के टाइपचीच वायर मागवा. उलटी जोडली तर गाडी तापेल तसा आकडा उतरेल. कुठली तार ऋण, हे ओळखायला छोटं चुंबक लावून बघा. चुंबकाला चिकटते ती ऋण. वायरीला फायबरग्लासची बाही घाला, टर्बो आणि अल्टरनेटरपासून लांब न्या. इंजिन हलतं, त्यामुळं प्रोबजवळ वायरीला थोडा ढिलेपणा ठेवा.

बसवायच्या आधी प्रोब मीटरला जोडून उकळत्या पाण्यात बुडवा. कोकणात १०० दाखवायला हवं, आपल्याकडं देशावर ९८-९९. सकाळी इंजिन थंड असताना मीटरनं हवेचंच तापमान दाखवलं पाहिजे. या दोन परीक्षा पास झाल्याशिवाय मी मीटरवर विश्वास ठेवत नाही.

मीटर डॅशबोर्डच्या तळाशी नको. रस्त्यावरून नजर न हटवता दिसेल असं, समोरच्या काचेच्या खांबाजवळ बसवा.

आणि मग आकडे. टर्बोच्या आधीचे म्हणून वाचा. स्लोवर १२० ते २००. भरलेल्या गाडीला सपाट रस्त्यावर ४०० ते ५००. घाटात ६०० च्या आसपास गेलं तर घाबरू नका. ६५० च्या वर सतत चालवू नका. ७०० दिसले की पाय सोडायचा, लगेच. यात घासाघीस नाही. आता खरी गंमत बघा. आकडा चढायला लागला की ड्रायव्हरचा पहिला विचार असतो आणखी रेस द्यायचा. त्याऐवजी एक गिअर खाली टाका. आरपीएम चढतात, टर्बो जास्त हवा देतो, पाण्याचा पंप आणि पंखा जोरात फिरतात, दर स्ट्रोकला लागणारं डिझेल कमी होतं. आकडा डोळ्यांसमोर उतरताना दिसेल. गाडी थोडी सावकाश चढेल, पण चढेल.

पहिला महिना एक वही ठेवा. घाटातलं कुठलं वळण, कुठला गिअर, किती लोड, किती आकडा. ड्रायव्हर दुसरा असेल तर क्लीनरला लिहायला लावा. पुढं कधी त्याच वळणावर, त्याच लोडला आकडा ५० अंशांनी जास्त आला तर पहिल्यांदा एअर फिल्टर बघा. मग इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज आणि त्याच्या पट्ट्या, तिथं साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते. मग नोझल, पंपाचं टायमिंग, सायलेन्सर तुंबला का. हे मीटर इंजिन दुरुस्त करणार नाही. पण इंजिन आजारी पडतंय, हे धूर दिसायच्या आधी सांगेल. तुम्ही कळवलंत तसा खड्डा पडायच्या कितीतरी दिवस आधी.

प्रश्न : मी मागवलेलं मीटर १२ व्होल्टचं निघालं. गाडीला २४ व्होल्ट आहे. दोनपैकी एका बॅटरीवरून जोडलं तर चालेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : चालेल, पण बॅटऱ्या मरतील. दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या असतात. एकीवरूनच करंट काढत राहिलात की ती दर वेळी अर्धवट रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही टाकून द्याव्या लागतात. हीच चूक टेप आणि मोबाइल चार्जरसाठी सर्रास होते. २४ चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर घ्या किंवा मीटर बदलून २४ चं मागवा. चावी चालू केल्यावर येणाऱ्या तारेवर जोडा, ३ अँपिअरचा फ्यूज टाका. मीटरचा दिवा पार्किंग लाइटवर घ्या, म्हणजे रात्री डोळ्यांवर येणार नाही. अर्थिंग केबिनच्या पत्र्याला न देता चासीला द्या, रंग घासून. आकडा नाचत असेल तर दहांतल्या आठ गाड्यांत मला अर्थिंगच खराब सापडलं.

प्रश्न : माझी गाडी २०२१ ची बीएस-६ आहे. तिलाही असं मीटर बसवावं का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : नको, भोक मुळीच पाडू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या रांगेत कंपनीचेच तापमानाचे सेन्सर असतात. त्यांच्याच भरवशावर फिल्टरमधली काजळी जाळायची वेळ ठरते आणि युरियाचा फवारा मोजला जातो. डिझेल किती द्यायचं हे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतं, त्यामुळं पंप वाढवायची सोयच राहिलेली नाही. ते बरंच आहे. आकडे बघायची हौस असेल तर स्कॅनर लावून वाचता येतात. फक्त ते बहुतेक टर्बोनंतरचे आकडे असतात. वरचे माझे ६५० आणि ७०० त्यांना लावू नका.

प्रश्न : घाट चढून आल्यावर धाब्यावर थांबलो की इंजिन किती वेळ चालू ठेवायचं? कोण म्हणतो दोन मिनिटं, कोण दहा.
— एक ड्रायव्हर, चिपळूण

उत्तर : मीटर असेल तर मिनिटं मोजायची गरज नाही. टर्बोच्या आधीचा आकडा २०० च्या खाली आला की चावी फिरवा. घाटमाथ्यावरून थोडं सपाट चालून आला असाल तर थांबता थांबताच तेवढा आलेला दिसेल. चढ संपल्या संपल्या थांबलात तर तीन ते पाच मिनिटं लागतात. तापलेला टर्बो एकदम बंद केला की बेअरिंगमधलं ऑइल जागेवरच जळून कोळसा होतं, आणि पुढच्या वेळी टर्बो कोरडा फिरतो. मीटर नसेल तर पाच मिनिटं धरा. तेवढ्यात चहा येतोच.